बाप्टिस्टचा खांदा

ओटिलियाताईनं त्या हिवाळ्यात भावाचा खांदा जितका चोळला, तितकी सेवा आमच्या गावात कुणी गाभण गाईचीही करत नाही. बाप्टिस्ट गोठ्याच्या शिडीवरून पडला होता आणि त्याचा उजवा हात छातीच्या वर जाईना. रोज जेवणं झाली की ताई मार्मोट या डोंगरी प्राण्याच्या चरबीचा डबा घेऊन त्याच्या पाठीशी बसायची. मी शेजारीण, मला भिंतीपलीकडून सगळं ऐकू यायचं.

"अगं हळू! जीव घेतेस काय?"

"एप्रिलातल्या सभेला हा हात वर जायला हवा. मग गळून पडला तरी चालेल."

आमच्याकडे मतपेट्या नाहीत. पुरुष कमरेला तलवार लावून चौकात जमतात आणि सगळ्यांच्या देखत हात वर करून मत देतात. यंदा प्रश्न होता, बायकांना मताचा हक्क द्यायचा की नाही.

ताईचा सगळा जन्म याच प्रश्नात गेला. टायफॉइडनं गावातली पोरं दगावली तेव्हा डोंगरातल्या झऱ्याचं पाणी नळानं गावात आणवलं ते तिनं. शाळेमागचं उघडं गटार बुजवून घेतलं तेही तिनंच. पाणी सगळे प्यायले, पण तिनं मताचं नाव काढलं की म्हणायचे, "आधी नवरा शोध, बाई!" आता डॉक्टरनं तिच्या पोटात गाठ सांगितली होती. गाव काय करेल ते ती जाणून होती. तिला निदान घरातला एक हात हवा होता, आणि बाप्टिस्टनं तसा शब्द दिला होता.

सभेच्या दिवशी आम्ही बायका चौकाभोवती बांधलेल्या दोराबाहेर उभ्या होतो. "बाजूनं कोण?" असा पुकारा झाला. इकडे तिकडे थोडे हात वर गेले. बाप्टिस्ट तलवारीच्या मुठीवर दोन्ही हात ठेवून उभा होता.

"दुखत असेल गं त्याला," ताई माझ्या कानाशी म्हणाली. "गारठा केवढा आहे."

मग पुकारा झाला, "विरोधात?" सगळा चौक हातांनी भरला. त्यात बाप्टिस्टचा उजवा हात होता. कोपर ताठ, दंड कानाला टेकलेला, शेजाऱ्याच्या हातापेक्षा वीतभर उंच. माझ्या अंगाची लाही लाही झाली.

संध्याकाळी मी सूप घेऊन गेले, तर दोघं टेबलाशी बसलेली.

"सगळे बघत होते, ओटिलिया," बाप्टिस्ट म्हणाला. "उन्हाळ्यात गुरं त्यांच्याबरोबरच वरच्या कुरणात न्यायचीत ना मला? पुढच्या खेपेला नक्की..."

"पुढच्या खेपेला मी नसेन."

बाप्टिस्ट हळूच सदऱ्याचं बटण काढत म्हणाला, "फार ठणकतोय गं."

तिच्या जागी मी असते तर तो डबा त्याच्या टाळक्यात घातला असता. ताई उठली, फळीवरचा डबा काढला आणि चरबीत बोटं बुडवली.

"पाठ कर इकडे," ती म्हणाली.