आडव्या पावलाची साक्ष

मी एका उजव्या पावलाचा एक्स-रे बोलतोय. आधीच सांगून टाकतो, मला माझीच किळस येते.

माझी मालकीण घरोघर टपाल वाटते. एका इमारतीचा जिना उतरताना तिचं पाऊल दुमडलं आणि दुसऱ्या दिवशी जमिनीला टेकवेना. थोरल्या बहिणीने तिला धरून दवाखान्यात आणलं. फोटो काढणाऱ्याने तिला टेबलावर आडवं केलं, कारण त्याची रीतच तशी. उभं करून काढायचं तर माणसं कण्हतात, त्यांना धरावं लागतं, बाहेर रांग वाढते. अंगाचं वजन पडलं नाही की पावलातली हाडं शहाण्या मुलांसारखी ओळीत बसतात. मी तेवढंच टिपलं.

डॉक्टरांनी मला खिडकीकडे धरलं. भिंतीवर एक्स-रे बघायची दिव्याची काच होती, पण तिचं बटण दाबायचे कष्ट कोण घेणार? दुसऱ्या हातात फोन होता आणि न्हाणीघरात कुठल्या रंगाच्या फरश्या बसवायच्या यावर खल चालला होता. अंगठ्याचा तेलकट ठसा नेमका मधल्या हाडांवर उमटला.

"हाड शाबूत आहे. मुरगळलंय नुसतं."

"पण तळव्याला निळं पडलंय," थोरली म्हणाली. "उभी राहिली की कळ येते. उभ्याने फोटो काढता येईल का?"

"उभ्याने काढा नाहीतर आडव्याने, हाड तेच. डॉक्टर तुम्ही का मी?"

मोजा काढून तळवा बघायला कितीसा वेळ लागला असता? शी, तेवढंही त्या माणसाच्याने झालं नाही.

पुढे चार महिने मी गादीखाली होतो. कचेरीतले साहेब तिला म्हणाले, "फोटोत काही नाही, मग हे नाटक कशाला?" माझा हवाला देऊन तिला त्या मोडक्या पावलावर रोज घरोघर चालवलं. रात्री ती हे थोरलीला सांगायची, ते मी गादीखालून ऐकायचो.

शेवटी थोरलीने तिला दुसऱ्या डॉक्टरीणबाईंकडे नेलं. बाईंनी तिला दोन्ही पायांवर उभं करून नवा फोटो काढला आणि आम्हा दोघांना उजेडाच्या काचेवर शेजारी लावलं. नव्यात अंगठ्यामागचं हाड आणि त्याच्या शेजारचं, यांच्यामध्ये नखाएवढी फट होती.

"आडव्या पायात ही मिटून जाते," बाई म्हणाल्या. "लगेच का नाही आलात?"

"दुसऱ्याच दिवशी गेलो होतो की," थोरलीने माझ्याकडे बोट दाखवलं.

धाकटीने हळूच विचारलं, "मी परत वाटपाला जाईन ना?"

"ऑपरेशन करू. घरात चालाल. दिवसभर जिने चढणं आता नाही."

थोरलीने पहिल्या डॉक्टरांविरुद्ध तक्रार केली आणि पुरावा म्हणून मलाच घेऊन गेली. चौकशीच्या टेबलावरून त्याच डॉक्टरांनी मला उचललं आणि सगळ्यांना फिरवून दाखवलं. "बघा, कुणालाही विचारा. फोटो स्वच्छ आहे. ती फट नंतर पडली."

चौकशीला बसलेल्या सगळ्यांनी माना डोलावल्या. समोर ती प्लास्टरमधला पाय स्टुलावर ठेवून बसली होती. तेव्हापासून मी चौकशीच्या फायलीत आहे, डॉक्टरांच्या बाजूने. तुम्ही कधी ती फाईल उघडलीत, तर माझ्यावर एवढं लिहा: हा फोटो काढताना ती उभी नव्हती.