दोन सीटांची गाडी

वैष्णवीचं लग्न होऊन ती विंचूरला गेली आणि महिन्याभरात तिच्या वडिलांनी, किशोरने, गाडी घेतली. आयुष्यभर सातपूरच्या एका कारखान्यात मापं तपासलेला माणूस. गाडीही मापं काढूनच घेतली. विजेवर चालणारी, दोन सीटांची, एवढीशी. पंचवटीतल्या गल्लीत ती एका दमात वळते, भाजीच्या हातगाडीला न खेटता निघते आणि जिन्याखाली मावते. मोठी घ्या म्हणणाऱ्यांना तो ऐकवायचा, आता घरात माणसं दोन, मग बाकीच्या सीटांवर हवा कशाला फिरवायची? त्याची बायको सविता मान डोलवायची. तीस वर्षांत वाद घालून तिला काय मिळालं होतं?

मग वैष्णवीची पहिली आखाजी, म्हणजे अक्षय्य तृतीया, आली. पहिल्या आखाजीला लेक आपली आपण माहेरी येत नाही, घरचं माणूस घ्यायला जातं. किशोर निघाला. सविताही निघाली, कारण विहीणबाईंना शेवयांचा डबा तिला स्वतःच्या हाताने द्यायचा होता. जाण्यायेण्याला चार्जिंग किती लागेल हे किशोरने दोनदा काढून पाहिलं. एवढं पुरे, असं दोघा शहाण्यांना वाटलं.

जेवणं झाली. विहीणबाईंनी, कुसाबाईंनी, सुनेची ओटी भरली, कांद्याची अर्धी गोणी आणून ठेवली. निरोपाला सगळी आळी दारात जमली. वैष्णवी बॅग घेऊन आली. गाडीत एकीकडे आई बसली होती, दुसरीकडे बाप. मागे सीट नव्हतीच.



"गाडी लय गोड हाय," कुसाबाई म्हणाल्या आणि पदर तोंडाला लावून आत गेल्या.

वैष्णवी गाडीभोवती एक चक्कर मारून आली.

"पप्पा, ही घेताना घरातली माणसं किती धरली होती?"

"दोन," किशोर म्हणाला. बोलून गेल्यावर काय बोललो ते त्याला कळलं. एवढं चुकलेलं माप त्याच्या हातून कधी गेलं नव्हतं. त्याला मेल्याहून मेल्यासारखं झालं.

वैष्णवीचे डोळे भरून आले. मग मी इथेच राहते, म्हणाली. सविता खाली उतरली, तू बस, मी एसटीने येते, म्हणाली. पण वैष्णवी बापाशेजारी बसायला तयार होईना. शेवटी मायलेकी दोघी एसटीने निघाल्या. किशोरच्या शेजारी कांदे बसले. गाडी ओरडायची थांबेना, म्हणून त्याने गोणीला पट्टा लावला. न्यायला आलेल्याने सोबत राहायचं असतं. तेव्हा रस्ता मोकळा असूनही तो नाशिकपर्यंत एसटीच्या मागेच राहिला. निफाडला ती थांबली, तोही थांबला.

स्टँडवर उतरल्यावर वैष्णवीने त्याच्याकडे न बघता हात पुढे केला.

"चावी द्या. आई माझ्याबरोबर येईल. तुम्ही रिक्षाने या."

किशोरने चावी दिली. लेक रागावली होती, पण घरीच निघाली होती. त्याने कांदे खांद्यावर घेतले आणि रिक्षाला हात केला.