पळसाच्या हंड्यातल्या दोन लड्या

मूर्तिजापूरकडची केशरबाई सूत रंगवायची, आणि रंगाची तिची परीक्षा मोठी खाष्ट. लडी शिवारात न्यायची आणि ज्या रंगासाठी ती रंगवली, त्याच्यावरच धरायची. दिसेनाशी झाली तर रंग खरा, नाही तर परत हंड्यात! चैत्रातल्या कडुनिंबाच्या पालवीवर, पौषातल्या पिकल्या ज्वारीवर तिच्या लड्या अशा विरघळून जायच्या, की तिची सावळी सून इंदूबाई त्या हातानं चाचपून शोधायची.

अठ्ठावन्न सालच्या फाल्गुनात दोघींनी पळसफुलांच्या हंड्यात दोन लड्या बुडवल्या. केशरी निघायच्या, त्या निघाल्या मातकट, निस्तेज. एक फिकी, एक सावळी. इंदूबाईनं त्या पळसावर धरल्या, धुऱ्याच्या मातीवर धरल्या, कपाशीच्या वाळल्या पऱ्हाटीवर धरल्या. मेल्या कुठंच जुळेनात.

"फेकून देऊ काय, आत्याबाई?"

"फेकतं कायले वं?" सासू खेकसली. "रंग खोटा नाही. याचा मोसम अजून आला नाही. येईन तवा जुळन."

दुसऱ्या दिवशी सकाळी केशरबाई उठलीच नाही. आयाबाया जमल्या, रडारड झाली. त्या गलक्यात न राहवून इंदूबाईनं फिकी लडी सासूच्या थंड गालावर धरली. लडी दिसेनाशी झाली. ती चाचपूनच उचलावी लागली.

सावळी लडी अंगणात दोरीवर वाळत होती. ती कुणाची, हे इंदूबाईनं कुणालाच विचारलं नाही. घरातला आरसा मात्र तिनं त्याच दिवशी भिंतीकडे तोंड करून टांगला.