चौकासमोरची इस्त्री

मित्रांनो, मला एका हाताने उचलायला जाऊ नका, मनगट दुखेल. मी एक जुनी पितळी इस्त्री आहे, पोटात निखारे घेऊन काम करणारी. आता पोट रिकामं आहे आणि तुमच्या शाळेच्या या काचेच्या कपाटात मी एका फुटक्या कंदिलाशेजारी बसून असते. मधल्या सुट्टीत तुम्ही काचेला नाक लावून मला बघता, म्हणून म्हटलं, माझी हकीगत तुम्हालाच सांगावी.

मला एका म्हाताऱ्या ओताऱ्याने घडवलं. साच्यातून काढल्यावर त्याने मला वाळूने घासलं, तळ गुळगुळीत केला आणि गालावर फिरवून पाहिला. मग म्हणाला, "ही चांगल्या घरात जाईल." त्याचं म्हणणं खरं ठरलं. एक नुकतंच लग्न झालेलं जोडपं आलं आणि मला घेऊन गेलं. त्यांना चौकाच्या तोंडावर लाँड्री टाकायची होती.

नवरा उंच होता, हाडापेराने मजबूत, पण बोलताना फार अडखळायचा. गिऱ्हाइकाला "उद्या या" एवढं सांगायलासुद्धा त्याला दम लागायचा. लोक थट्टा करायचे. "याच्याकडे कपडे टाका, निरोप टाकू नका!" तो स्वतःही हसायचा. बायको मात्र तोंडाने फटकळ. दोघांच्या वाटणीचं ती एकटीच बोलायची. "अहो, तुम्ही हात चालवा, तोंड मी चालवते," असं ती म्हणायची आणि खरोखरच तसा त्यांचा संसार चालला. पुढे एक मुलगी झाली. ती माझ्या टेबलाखाली, मळक्या चादरींच्या ढिगावर झोपून मोठी झाली.

त्या दिवसांत मला किती मान होता म्हणून सांगू! लग्नाचे कोट, वकिलांचे काळे झगे, लहान बाळांचे बाप्तिस्म्याचे पांढरेशुभ्र अंगरखे, सगळं माझ्या तळाखालून जायचं. छावणीतले एक साहेब तर आपला गणवेश दुसऱ्या कोणाला हात लावू द्यायचे नाहीत. विजारीच्या घडीवरून बोट फिरवत म्हणायचे, "शाबास! हिच्यापुढे सुरीसुद्धा बोथट." हे ऐकून मी तापलेली असूनही गार व्हायचे.

माझे मालक-मालकीण ख्रिस्ती होते. रविवारी दुकान बंद असायचं, आणि मी थंड. ती दोघं मुलीचा हात धरून गल्लीच्या टोकाच्या चर्चला जायची. मालकाला धड बोलता येत नसे, पण गाताना त्याची जीभ अडखळायची नाही, असं मालकीण सांगायची. मी कधी ऐकलं नव्हतं. रविवारी मला कोण नेणार?

मग एका सकाळी चौकात भोंगा लावलेली गाडी आली. सरकारी हुकमाने चर्चला कुलूप लागलं आहे, असं तिने जाहीर केलं. यापुढे तिथे जाणाऱ्या प्रत्येकाने चौकात येऊन साहेबांसमोर एकच वाक्य म्हणायचं: मी ख्रिस्ताला मानत नाही. म्हटलं की घरी जायचं, पुढे कोणी त्रास देणार नाही.

आमचे साहेबच चौकात खुर्ची टाकून बसले. मीच कडक केलेली कॉलर त्यांच्या गळ्याशी होती.

लोक आले. काहींनी मान खाली घालून म्हटलं, काहींनी घाईघाईने. मालकाची धाकटी बहीण, म्हणजे मुलीची आत्या, दवाखान्यात आया होती. नवरा वारलेला, नोकरी गेली तर चूल विझणार. तिनेही म्हटलं. मग चौक ओलांडून आमच्या दुकानाच्या पायरीशी आली आणि आत यायला धजेना.

"दादा, मी म्हटलं रे," ती म्हणाली. "माझ्याशी बोलू नकोस हवं तर."

मालकाने मला बाजूला ठेवलं, स्टूल पुढे ओढलं आणि म्हणाला, "ब-ब-बस आधी."

एवढंच. ती स्टुलावर बसून बराच वेळ रडली. मालकीण तिच्या पाठीवरून हात फिरवत राहिली. पण मालक स्वतः चौकात गेला नाही. त्या दिवशी नाही आणि नंतरही नाही. त्याऐवजी रविवारी पहाटे, दुकानामागच्या खोलीत, दोरीवर वाळत घातलेल्या चादरींच्या आडोशाला चार माणसं जमू लागली. तेव्हा मी त्याला पहिल्यांदा गाताना ऐकलं, अगदी हलक्या आवाजात. मालकिणीचं म्हणणं खरं होतं. कुठेही अडखळला नाही.

अशी गोष्ट किती दिवस लपणार? एका कामाच्या सकाळी शिपाई दुकानात शिरले. मालक तेव्हा कोणा मास्तरांच्या शर्टावर मला फिरवत होता. त्यांनी त्याचे दंड धरले आणि खेचलं. माझी मूठ त्याच्या हातातून सुटली आणि मी शर्टावर पालथी पडून राहिले. मित्रांनो, इस्त्रीचा जन्मच असा. उचललं नाही तर ती जाळते. माझ्याखाली कापड करपत होतं, वास सुटला होता, आणि मला तसूभरही हलता येत नव्हतं. दारातून ओढत नेताना मालक मागे वळला. बायकोला काहीतरी महत्त्वाचं सांगायचं म्हणून त्याची जीभ झगडत होती. शिपाईसुद्धा क्षणभर थांबले.

"इ-इ-इस्त्री उचल," तो म्हणाला. "शर्ट प-परक्याचा आहे."

आणि त्याला नेलं.

नंतर दुकान एकट्या मालकिणीने चालवलं. आठवड्यातून एकदा तुरुंगाच्या फाटकावर धुतलेला शर्ट द्यायचा आणि मळलेला परत घ्यायचा, एवढी परवानगी होती. मालकाची खबर मला त्या शर्टांवरूनच कळायची. गुंड्या तुटलेल्या असायच्या. पाठीवर लांबट डाग असायचे, ते घासून फिके व्हायचे, पण जायचे नाहीत. मालकीण मुलीला पाणी आणायला पाठवायची आणि तेवढ्यात पाठीकडचा भाग इस्त्री करून आत दुमडून टाकायची. मी तिच्या हाताखाली होते. तोंड दाबून बुक्क्यांचा मार म्हणतात ना, तो आम्ही दोघी सोसत होतो.

आणि गंमत म्हणा की दैव म्हणा, साहेबांचे गणवेश अजून आमच्याकडेच येत होते.

एकदा गणवेश न्यायला साहेब स्वतः आले. घसा खाकरून म्हणाले, "बाई, मला तुमच्याशी वैर नाही. तुमचा नवरा कामाला चोख आहे. पण वरून हुकूम आलाय. शुक्रवारी त्याला चौकात आणणार. एक वाक्य म्हणू दे आणि घरी घेऊन जा. अडखळत म्हटलं तरी चालेल, मी थांबेन. नाही म्हटलं तर माझ्या हातात काही उरणार नाही. तुम्ही समजवा त्याला. भेटीचं मी फाटकावर सांगून ठेवतो."

साहेब गेले तशी मालकीण लगेच तुरुंगात भेटीला गेली. परत आल्यावर तिने सगळं आत्याला सांगितलं, मला आपटत आपटत इस्त्री करता करता.

"मी पाया पडले गं त्यांच्या. म्हटलं, अहो, नुसतं तोंडाने म्हणा. देव मनातलं बघतो ना? मग मनात ठेवा काय ठेवायचं ते! पोरीला बाप नको का?"

"मग? काय म्हणाला दादा?"

"म्हणाले, तू चौकात उभी राहून म्हणशील का, हा माझा नवरा नव्हे? नुसतं तोंडाने?" मालकिणीने मला खाडकन बाजूला ठेवलं. "मी म्हटलं, म्हणेन! तुमचा जीव वाचत असेल तर शंभरदा म्हणेन. तर हसले नुसते. म्हणाले, तुला नाही जमायचं. असा राग आला मला! त्यांचा आला, देवाचासुद्धा आला."

आत्याने हातातल्या शर्टाची घडी घातली. मग म्हणाली, "मला जमलं वहिनी. पण तेव्हापासून प्रार्थनेला बसले की तोंड उघडत नाही."

शुक्रवारी सकाळी मालकिणीने नवऱ्याचा लग्नातला पांढरा शर्ट काढला. इतक्या निगुतीने तिने कधी कोणाचा शर्ट केला नसेल. घरी येताना तो नीटनेटका दिसावा, असं तिला वाटत होतं. शर्ट फाटकावर पोचता झाला आणि दुपारी तोच शर्ट घातलेल्या मालकाला चौकात आणलं. त्याच्या अंगावर तो झोळीसारखा लोंबत होता.

मी दुकानाच्या दारातल्या टेबलावर होते. मला सगळं दिसत होतं. मालकीण पायरीवर मुलीला पोटाशी धरून उभी होती. चौक माणसांनी भरला होता. कोणी त्याच्या हातचे धुतलेले कपडे घातले होते, कोणी वर्षानुवर्षांचं गिऱ्हाईक होतं.

"बोल," साहेब म्हणाले.

मालक बोलू लागला. "मी... मी ख्रि-ख्रि..."

एक शिपाई फिसकन हसला. साहेबांनी त्याच्याकडे रागाने पाहिलं. सगळे थांबले.

"...ख्रिस्ताला..."

मित्रांनो, आपल्या भाषेत हो आणि नाही शेवटी येतं. तोवर दोन्ही वाक्यं सारखीच. मालकिणीचे ओठ हलत होते. ती दुरून त्याला शब्द पुरवत होती, आयुष्यभर पुरवत आली तसाच. "मानत नाही. म्हणा ना. मानत नाही."

"...मा-मा-मान..."

त्याच्या गळ्याच्या शिरा ताठ झाल्या.

"...मानतो."

साहेबांनी टोपी काढली, पुन्हा घातली आणि हाताने खूण केली. गाडी आली. मालकाला तिच्यात चढवताना शर्टाची बाही खांद्यापाशी उसवली. गाडी गेली आणि माणसं हळूहळू पांगली. ज्यांचे कपडे आमच्याकडे होते, तेही पायरीकडे न बघता गेले.

दुसऱ्या दिवशी एक शिपाई गणवेशांचं गाठोडं घेऊन आला. ते टेबलावर ठेवून, जमिनीकडे बघत म्हणाला, "बाई, आता फाटकावर शर्ट आणायचा नाही."

मालकिणीने गाठोडं सोडलं. तिने माझ्या पोटात निखारे भरले, वारा घातला. साहेबांचा कोट टेबलावर पसरला.

"आई, जाळून टाक तो," मुलगी म्हणाली.

मालकिणीने मला कोटावर अधांतरी धरलं. मी लाल झाले होते. नुसती टेकवून सोडली असती तरी पुरे होतं. मला स्वतःला काय वाटत होतं ते विचारू नका. इस्त्रीला काय वाटतं त्याला कोण विचारतं? शेवटी तिने ओलं फडकं कोटावर घातलं आणि मला फिरवायला सुरुवात केली.

"बाबांनी जाळला नसता," ती म्हणाली. मग मुलीचं तोंड धुतलं, वेणी घातली आणि तिला आत्याच्या हाती मागच्या दाराने पाठवून दिलं. पुढे काय येणार, ते मालकिणीला कळलं असावं.

संध्याकाळी साहेब कोट न्यायला आले. घडीवरून बोट फिरवलं नाही. म्हणाले, "बाई, आता तुमचं काय? तुम्ही शहाण्या आहात. त्याला समजवायला तुम्हीच गेला होता."

"गेले होते," मालकीण म्हणाली. "चौकात मीच पुटपुटत होते, नाही म्हणा, नाही म्हणा."

"मग आता स्वतः म्हणा आणि मोकळ्या व्हा."

तिने पदराने हात पुसले. तिला फार भीती वाटत होती. टेबलाची कड घट्ट धरून ती उभी राहिली.

"माझी जीभ त्यांच्यासारखी अडत नाही साहेब, तुम्हाला थांबायला लागणार नाही," ती म्हणाली. "मानते."

उजेड असतानाच, भरल्या चौकातून तिला नेलं. दुकानाला कुलूप लागलं. माझ्या पोटातले निखारे राखेने झाकले गेले आणि मग तेही विझले. पुढे कुलूप तुटलं, सामान भंगारात गेलं, तळ काळाहिरवा पडला, आणि हातोहात फिरत मी तुमच्या या कपाटात आले. आत्या मुलीला घेऊन दूरच्या गावी गेली, असं भंगारवाल्याकडे कोणीतरी बोललं. खरं-खोटं मला ठाऊक नाही.

मित्रांनो, मला घासूनपुसून ठेवा असं मी सांगणार नाही. ठेवलंत तर बरंच वाटेल. पण माझं मागणं वेगळं आहे. तुमच्या गल्लीतून कोणाला असं दंड धरून नेलं, तर निदान विचारा, कुठे नेता म्हणून. त्याचा देव तुमचा नसला तरी विचारा. मालकाचं काय झालं ते सगळ्यांना कळलं. मालकिणीचं काय झालं ते मला आजतागायत कळलेलं नाही, कारण त्या संध्याकाळी चौकात एवढी माणसं होती आणि एकानेही विचारलं नाही. मी विचारलं असतं. पण मला तोंड नव्हतं.