रिकामं परत आलेलं पातेलं

दसऱ्याच्या सकाळी बेबीबाई पांढरं पातळ नेसून स्वयंपाकघरात आल्या, आणि जावयाच्या हातातला चहाचा कप तसाच राहिला.

"आई," रत्नदीप हळू आवाजात म्हणाला, "आज पांढरं नको ना. विमलकाकूंकडे जेवायला मराठी मंडळातल्या सगळ्या ठेवणीतल्या साड्या नेसून येतील. कुणी काही विचारलं तर?"

"इचारलं तर सांगावं. गावाकडं आज सगळी पांढरी नेसून विहारात गेली असतील. मी काय येगळं करायले?"

अंजली डब्याचं झाकण लावत होती. तिने नवऱ्याकडे पाहिलं, आईकडे पाहिलं, आणि सहा वर्षं जे करत आली होती तेच केलं. मधला रस्ता काढला.

"आई, ती निळी नेस. मी घेतलेली. अजून घडीसुद्धा मोडली नाहीस."

बेबीबाईंनी निळी साडी नेसली. लेकीच्या घरी पाहुणी आलेली बाई किती वाद घालणार?

अंजली सिंगापुरात, तुआस भागातल्या एका औषध कारखान्यात क्वालिटी इंजिनियर होती. कारखान्याला दसरा नसतो, रविवारही नसतो. तिची सकाळची पाळी होती. निघताना ती म्हणाली, "मसालेभात मोठ्या पातेल्यात कर. वीस-बावीस माणसं आहेत. मी कामावरून थेट तिकडेच येते."

तिच्या मनात होतं ते ॲल्युमिनियमचं पातेलं. दुसरं एक मोठं पातेलं घरात होतं, पण ते तिने स्वतःच पलंगाखाली सारून ठेवलं होतं.

ते पातेलं आईने पंधरा दिवसांपूर्वी येताना गोधडीत गुंडाळून आणलं होतं. नांदखेडच्या समता तंत्रनिकेतनात पहिला नंबर आला की मेडल मिळत नसे, स्टीलचं पातेलं मिळत असे. "मेडल खुंटीला लटकतं, पातेल्यात भात शिजतो," असं भीमराव सर म्हणायचे. कॉलेज म्हणजे पत्र्याच्या तीन खोल्या. वस्तीतल्या बायांनी घरटी मूठमूठ ज्वारी जमवून ते उभं केलं होतं, आणि त्या बायांत बेबीबाईही होत्या. पातेल्यावर ठिपक्या-ठिपक्यांच्या अक्षरांत कोरलं होतं: 'जयभीम. समता तंत्रनिकेतन, नांदखेड. प्रथम क्रमांक, १९९२. कु. अंजली.'

पातेल्यात सरांची चिठ्ठी होती आणि एक छापील कागद. कॉलेजला पंचवीस वर्षं होत होती. 'पहिल्या नंबरांच्या फळ्यावर तेवीस नावं आहेत,' सरांनी लिहिलं होतं. 'सोळा जणांचे पत्ते आहेत. एक तहसीलदार आहे, दोघे शिक्षक आहेत, एकजण गावातच मोटारी दुरुस्त करतो आणि उत्तम करतो. बाकीचे उत्तर देत नाहीत. मुलं ती नावं वाचतात आणि मला विचारतात, सर, पहिला नंबर आला की माणूस जातो कुठं? मी काय सांगू?'

छापील कागदावर पाच प्रश्न होते. पहिले चार नाव, शिक्षण, नोकरी, पत्ता. पाचवा खास सरांचा: 'कॉलेजचं नाव तुम्ही शेवटचं कधी, कुठे आणि कुणासमोर घेतलंत?'

अंजलीने पहिले चार रकाने त्याच दिवशी भरले होते. पाचव्यापाशी पेन अडलं, ते अडलंच.

खोटं असं ती कधी बोलली नव्हती. सिंगापूरला आल्यावर पहिल्याच वर्षी विमलकाकूंनी कौतुकाने विचारलं होतं, "भालेराव का? माझ्या आत्याच्या सासरचे भालेराव आहेत, पुण्याचे. तुमच्यातलेच असतील." रत्नदीप हसून म्हणाला होता, "असतील." त्या एका शब्दावर त्यांनी सहा वर्षं काढली. शिक्षण कुठे झालं म्हटलं की अंजली औरंगाबाद सांगायची. डिग्री तिथलीच होती. त्याआधीची तीन वर्षं ती गिळून टाकायची.

दुपारी ती विमलकाकूंच्या काँडोतल्या फ्लॅटवर पोचली तेव्हा पंगत रंगात आली होती. युनिव्हर्सिटीत संशोधन करणारा अथर्व तिसऱ्यांदा भात घेत होता.

"आजी, हॉस्टेलवर परत जाऊच नये असं वाटतंय. तुमच्याच घरी राहायला येतो."

"ये की," बेबीबाई खूश होऊन म्हणाल्या. "पन भांडे घासावे लागतेल बरं का. तिथं माझा जावई बी घासतोय."

सगळे हसले. विमलकाकू म्हणाल्या, "अंजली, तुझ्या आईच्या हाताला काय चव आहे गं! मला लिहून दे हं कृती."

आणि तेवढ्यात अंजलीला टेबलावरचं पातेलं दिसलं. ॲल्युमिनियमचं नव्हतं. ठिपक्यांची अक्षरं थेट खोलीकडे तोंड करून होती. ती पुढे झाली, भात वाढण्याचं निमित्त केलं आणि पातेलं हळूच फिरवून अक्षरांचं तोंड भिंतीकडे केलं. आईने ते पाहिलं.

जाताना अंजली पातेलं उचलू लागली, तर काकूंनी तिचा हात धरला. "राहू दे गं, कामावरून आलीस. मी घासून निहारिकाबरोबर पाठवते."

विमलकाकू वाईट बाई नव्हत्या, हे आधीच सांगायला हवं. दर रविवारी त्या मराठी मंडळातल्या मुलांना घरी बोलावून मराठी शिकवायच्या, एक पैसा न घेता. इंग्रजीत वाढलेल्या त्या मुलांच्या जिभेवर 'ळ' बसवायला त्यांनी आठ वर्षं घासली होती. ज्याला 'ळ' आला त्याला चिक्की. निहारिकाला तो आला त्या दिवशी काकूंनी अंजलीला फोन करून ऐकवला होता.

पुढच्या रविवारी दहा वर्षांची निहारिका क्लासहून पातेलं घेऊन आली. बेबीबाईंनी झाकण उचललं, आत पाहिलं.

"रिकामंच?"

"एम्प्टीच असणार ना, आजी. वॉश केलंय लाह," निहारिका शाळेतल्या सिंगापुरी मुलांसारखा शेवटी 'लाह' लावून म्हणाली.

"परक्याचं भांडं कुनी रिकामं धाडत न्हाई, बाई. चिमूटभर साखर तरी घालतेत."

"आई, शहरात कोण पाळतं हे सगळं," अंजली म्हणाली. पण तिला ठाऊक होतं. काकूंनी तिचा डबा आजवर कधी रिकामा पाठवला नव्हता. कधी लाडू, काही नसलं तर बाल्कनीतल्या कुंडीतला कढीपत्ता. आणि हे पातेलं घासून घासून इतकं लख्ख केलं होतं, की घासणाऱ्याने प्रत्येक अक्षर वाचलं असणार.

नोव्हेंबरात शाळांना सुट्ट्या लागल्या. मंडळाची सहल पुलाउ उबीन बेटावर ठरली. बुधवारी काकूंचा फोन आला.

"अगं अंजली, या वेळी तू काही करत बसू नकोस हं. किती धावपळ असते तुझी! तू आपली कोल्ड्रिंकच्या बाटल्या आणि पेपर प्लेट्स आण."

"आई मसालेभात करायचं म्हणत होती, काकू. अथर्वने—"

"नको गं, त्यांनाही दगदग. स्मिता करणार आहे भात. सीलबंद बाटल्याच आण, म्हणजे कसं, सोपं पडतं."

फोन ठेवल्यावर अंजली तशीच उभी राहिली. आवाजात तोच जिव्हाळा होता. शिव्या असत्या तर उत्तर देता आलं असतं.

रत्नदीपने ऐकून घेतलं आणि म्हणाला, "बाटल्या नेऊ. विषय संपव."

"तुला कळलं ना काय झालं ते?"

"मला कळतं, अंजू. पुण्यात घर शोधत अकरा दारं मी फिरलोय. आडनाव ऐकून या म्हणायचे, आणि आमच्याकडे कोणता फोटो लागतो ते कळलं की भाचा राहायला येतोय म्हणायचे. निहारिकाला मी ते बघू देणार नाही. म्हणून तर इतक्या लांब आलो ना?"

"बाबा," दारातून निहारिका म्हणाली. ती केव्हा येऊन उभी राहिली ते कुणालाच कळलं नव्हतं. "मी काही राँग केलं का?"

"का गं?"

"क्लासमध्ये किचनमधून सगळ्यांसाठी पाणी आणायचा माझा टर्न होता. विमल आजी म्हणाल्या, तू बस, दुसरं कुणी आणेल. लास्ट वीक पण. मी एकदाही सांडलं नाही, प्रॉमिस."

रत्नदीप खाली बघत राहिला. बेबीबाईंनी नातीला जवळ ओढलं आणि तिच्या केसांवरून हात फिरवत त्या लेकीला एवढंच म्हणाल्या, "पान्याशी आलं का गं तुमचं सिंगापूर?"

सहलीच्या रविवारी अंजली पहाटे उठली. तिने पलंगाखालून पातेलं काढलं, आईला उठवलं आणि दोघींनी मिळून मसालेभात केला. बेबीबाई पांढरं पातळ नेसल्या, तेव्हा कुणी काही म्हणालं नाही.

"मी येत नाही," रत्नदीप म्हणाला होता. पण लिफ्टचं दार बंद होता होता तो आत शिरला. एका हातात कोल्ड्रिंकच्या बाटल्यांची पिशवी होती. दुसऱ्या हाताने त्याने पातेल्याचा एक काठ धरला.

"दोन्ही नेऊ," तो म्हणाला.

धक्क्यावरून छोट्या मोटारबोटीने दहा मिनिटांत बेट येतं. अंजली पातेलं मांडीवर घेऊन बसली होती. कपडा गुंडाळला होता तरी मांडी भाजत होती.

बेटावर झाडाखाली चटया अंथरल्या होत्या, मधल्या बाकावर जेवण मांडलं होतं. अंजलीने पातेलं तिथे ठेवलं आणि अक्षरांचं तोंड माणसांकडे केलं.

विमलकाकूंचा चेहरा क्षणभर उतरला. "अगं, तुला तर मी..."

"बाटल्याही आणल्यात, काकू. सीलबंद." अंजली सगळ्यांकडे वळली. "या पातेल्यावर काय लिहिलंय ते तुम्ही वाचलंय. बाकीच्यांनी नसेल वाचलं, म्हणून मी वाचते."

तिने वाचलं. 'जयभीम'पासून 'कु. अंजली'पर्यंत, एकेक शब्द. मग म्हणाली, "हे माझं कॉलेज. मी औरंगाबाद सांगत आले, ती माझी चूक. आम्ही पुण्याच्या भालेरावांपैकी नाही. आम्ही बौद्ध आहोत. ज्या बायांनी मुठीमुठीने ज्वारी देऊन हे कॉलेज बांधलं, त्यातली एक ही माझी आई. दसऱ्याला तुम्ही सगळ्यांनी तिच्या हातचं खाल्लंत, आणि चांगलं लागलं म्हणालात. तोच भात आहे."

कुणी अपशब्द बोललं नाही. सुशिक्षित माणसं होती. स्मिताने आपल्या भाताचा डबा उघडला आणि शेजारच्या चटईवर वाढायला घेतलं. दोन कुटुंबं तिकडे सरकली, उन्हाचं निमित्त काढून.

बेबीबाई डाव धरून उभ्या होत्या. समोर अथर्व आला. त्यांचा चेहरा उजळला.

"ये लेकरा, तुझ्यासाठीच काजू जास्ती घातलेत."

अथर्वची नजर विमलकाकूंकडे गेली आणि परत आली. "आजी, आज... आज पोट जरा बरं नाहीये."

"असं व्हय," बेबीबाई म्हणाल्या. "मग ताक पी. बरं वाटंल." त्यांनी डाव परत पातेल्यात ठेवला.

मग एक प्लेट पुढे आली. ती श्रीधरकाकांची होती. विमलकाकूंचे यजमान, सत्तरीचे, कधी फारसे न बोलणारे. "वाढा," ते म्हणाले. बायको त्यांच्याकडे बघत होती. त्यांनी मान वर केली नाही. पहिला घास खाल्ला आणि कोणाकडेही न बघता म्हणाले, "हे मी दसऱ्यालाच बोलायला हवं होतं. पातेलं मीही वाचलं होतं."

विमलकाकू पेपर प्लेट्सची चळत सोडवत बसल्या. सोडवून झाली, पुन्हा रचली.

मुलांना यातलं काही कळलं नव्हतं, किंवा कळूनही भूक मोठी होती. "आजी, वाढ ना, हंग्री लाह!" म्हणत निहारिका आली, तिच्यामागून तिच्या क्लासमधली चार मुलं. दोघांच्या आयांनी त्यांना हाक मारली. एक गेला. तीन जेवले. शेवटी रत्नदीप आला, सासूच्या समोर प्लेट धरून उभा राहिला. सगळ्यांसमोर तो पहिल्यांदाच मोठ्याने म्हणाला, "आई, जयभीम. मला वाढा."

संध्याकाळी घरी आल्यावर अंजलीने तो छापील कागद काढला. पाचव्या रकान्यात लिहिलं: 'आज. पुलाउ उबीन बेटावर, चोवीस माणसांसमोर. सोबत आपण दिलेल्या पातेल्यात मसालेभात होता. निम्म्याहून जास्त उरला.'

बेबीबाईंनी ते वाचून दाखवायला लावलं आणि त्या नाराज झाल्या. "उरला कामून लिहितीस? किती जन जेवले ते लिव्ह की."

"सर गणित शिकवतात, आई. ते काढतील." पण तिने खाली जोडलं: 'सहा जण जेवले. मुलांनी विचारलं तर हे असंच सांगा, सर. पहिला नंबर आला की माणूस लांब जातो. आणि काही जण फार लांब गेले की नाव टाकून जातात. मी टाकलं होतं.'

निहारिका टेबलाला टेकून उभी होती. "आई, नेक्स्ट संडे क्लासला जायचं?"

रत्नदीपने बायकोकडे पाहिलं. फोन दिवसभर वाजला नव्हता. क्लास असेल की नसेल, दार कोण उघडेल, उघडल्यावर काय म्हणेल, यातलं काहीच कुणाला ठाऊक नव्हतं.

"जायचं," अंजली म्हणाली. "काकू चांगलं शिकवतात. शिकून घ्यायचं. आणि पाणी आणायचा टर्न तुझा असेल तर उठायचं."

"आणि त्या म्हणाल्या, तू बस, तर?"

"तर विचारायचं, का? नीट, मराठीत विचारायचं. आणि उत्तर मिळेपर्यंत उभं राहायचं."

निहारिकाने मान हलवली आणि तो प्रश्न ती ओठांतल्या ओठांत घोकू लागली.