दोन ठिकाणी अडणारं दार

ग्वाल्हेरच्या लष्कर भागात तुकोजी धुमाळांना धुमाळ म्हणून कुणी ओळखत नसे. ‘दारवाले तुकोजी’ म्हटलं, की दाना ओली या गल्लीत कुणीही त्यांचं घर दाखवी. पणजोबा दक्षिणेतून फौजेबरोबर आलेले, आजोबा पागेत, वडील संस्थानच्या पलटणीत, आणि तुकोजी एका दाराच्या चाकरीत. यात काही कमीपणा आहे असं त्यांना कधी वाटलं नाही, कारण ते दार साधं नव्हतं.

खासगी बाजारामागे एका सरदारांचा मोटारखाना होता. सरदारसाहेबांनी अडतीस साली त्याला विलायतेहून विजेचं दार मागवलं. चार रुंद फळ्या बिजागऱ्यांनी एकाखाली एक जोडलेल्या, फळ्यांच्या कडांना चाकं, आणि दोन्ही बाजूंना चाकं सरकायला लोखंडी रूळ. बटण दाबलं की छताखालची मोटर गुरगुरायची, साखळी ओढली जायची आणि सगळं दार उभ्याचं आडवं होत छताला जाऊन टेकायचं. तेव्हा माणसं टांगे करून हे पाहायला आली होती. पलटणीच्या कारखान्यात फिटर असलेल्या तुकोजींना साहेबांनी मागून घेतलं आणि म्हणाले, “आजपासून हे तुमचं.” साहेब असं सगळ्यांना सगळ्याच गोष्टींबद्दल म्हणत. तुकोजींनी ते खरं धरलं.

पुढे संस्थान विलीन झालं, मध्यभारत झाला. सरदारसाहेब पुण्याला निघून गेले. मोटारखाना सरकारकडे आला, आणि दाराबरोबर तुकोजीही आले. त्याच सुमाराला दाराने खोड काढली. बटण दाबलं की गुडघ्याइतकं वर यायचं आणि अडायचं. तुकोजी वाकून खांदा लावायचे, मग हलायचं. छातीपर्यंत आलं की पुन्हा अडायचं. पुन्हा खांदा. मग मात्र शहाण्यासारखं वर जायचं.

तुकोजींचं निदान ठरलेलं होतं. संस्थान गेल्याचं दाराने मनाला लावून घेतलं आहे. हे ते थट्टेत सांगतात असं ऐकणाऱ्यांना वाटे. ती थट्टा नव्हती. राज्य गेलं म्हणून चाळिशी ओलांडलेला माणूस बाजारात उभा राहून रडू शकत नाही; पण रुसलेल्या दाराला खांदा देऊ शकतो. आठ वर्षं त्यांनी दिला. “तुकोजी के बिना नहीं उठता,” असं ड्रायव्हर लोक म्हणत, आणि त्या दिवशी तुकोजींना जेवण दोन घास जास्त जाई.

छप्पन साली दसरा झाला आणि चौथ्या दिवशी ऑफिसचे सुपरिंटेंडंट लक्ष्मीकांत हातात कागद घेऊन मोटारखान्यात आले. यांच्या घरचे पूर्वी दरबारात दफ्तर सांभाळायचे, आणि लक्ष्मीकांत अजूनही कागद असा धरत की जणू त्याला घाम लागला तर राज्य बुडेल. वयाने तुकोजींपेक्षा दहा वर्षांनी लहान, मनाने सरळ माणूस.

“तुकोजी, बसा जरा. पुढच्या महिन्यात मध्यप्रदेश होणार, राजधानी भोपाळ. सगळ्या पोस्टांची लिस्ट चालू आहे. कोणती ठेवायची, कोणती काढायची.”

“आणि आमची?”

“‘विद्युत द्वार परिचर, एक.’ असली पोस्ट अख्ख्या प्रांतात दुसरी नाही, म्हणून तर सगळ्यांची नजर तिच्यावरच पडते.” लक्ष्मीकांतांनी कागदाची घडी घातली. “शनिवारी इंजिनियरसाहेब येणार आहेत. दार बटणावर चाललं, तर मोटारखाना वर्कशॉप म्हणून इथेच राहील आणि तुमची जागा ठेवा असं मी लिहीन. नाही चाललं तर दार भंगारमध्ये, साधं फाटक लावतील, और पोस्ट खतम.”

“चालतं की बटणावर.”

“खांदा न लावता, तुकोजी.”

तुकोजी एक्कावन्न वर्षांचे होते. चार वर्षांनी पेन्शन होती. आणि नेमकं या दसऱ्यापासून दार इतकं बिघडलं होतं, की गुडघ्याशी अडलं तर ड्रायव्हर शिवाजीरावांनाही दुसऱ्या बाजूने जोर लावावा लागत होता.

बुधवारपासून तुकोजी हात धुऊन दाराच्या मागे लागले. फ्यूज पाहिला, नवा घातला. बटणाच्या तारा उघडून घासल्या. शिडीवर चढून मोटरची धूळ झाडली, साखळीला तेल पाजलं. दाराचं वजन तोलायला दोन्ही बाजूंना तारेच्या दोरावर लोखंडी वजनं टांगलेली होती. ती एका पातळीत आहेत का ते दोरी लावून मोजलं. होती. बटण दाबलं. दार गुडघ्याशी येऊन अडलं. मोटर बिचारी वरून कण्हत राहिली. गुरुवारी त्यांनी हेच सगळं पुन्हा केलं आणि दारानेही तेच केलं.

शुक्रवारी सकाळी त्यांनी आठ वर्षांत न केलेली एक गोष्ट केली. दाराला साखळी जोडणारी खीळच काढली. आता मोटरचा आणि दाराचा संबंध उरला नाही. शिवाजीरावांना दुसऱ्या बाजूला उभं करून त्यांनी दार हातांनी उचललं. गुडघ्याशी अडलं. जोर करून पुढे नेलं. छातीशी अडलं.

“मोटर नाही,” तुकोजी म्हणाले. “मोटर सुटलेली आहे आणि तरी अडतंय.”

“तो फिर?”

“मोटर असो नसो, त्याच दोन जागी कसं अडतंय? रुसलेलं माणूस कुठेही रुसतं.”

हे बोलताना त्यांचं त्यांनाच कसंसं झालं. त्यांनी खडू घेतला. दार गुडघ्याशी अडलं तेव्हा खालून दुसरं चाक रुळात कुठे आहे तिथे रेघ मारली. छातीशी अडलं तेव्हा सगळ्यात खालचं चाक कुठे आहे तिथे मारायला गेले, तर खडू आधीच्याच रेघेवर टेकला. म्हणजे रुळात एकच जागा होती. खालची दोन्ही चाकं एकामागून एक तिथे येत आणि अडत. वरची चाकं त्या जागेच्या वरच असत, त्यांना काही होत नसे. तुकोजींनी बॅटरी पेटवून रुळाच्या खाचेत डोळा घातला. आत लाल होतं.

खंडेनवमीला मराठ्यांच्या घरी तलवारी निघतात. तुकोजींच्या घरची तलवार वडिलांच्या वेळीच गेली होती, म्हणून अडतीस सालापासून ते दाराची पूजा करत. झेंडूचं तोरण, हळदकुंकू, आणि दोन्ही रुळांच्या खाचेत, छातीच्या उंचीवर, तेलात कालवलेल्या शेंदराचं एक एक बोट. देवाच्या जागी पुन्हा हात कोण लावणार? एकोणीस नवम्यांचा शेंदूर थरावर थर चढून दगड झाला होता. आणि यंदा भोपाळच्या बातम्यांनी जीव टांगणीला लागला, म्हणून त्यांनी दोन दोन बोटं लावली होती.

तुकोजी तिथेच जमिनीवर बसले. दाराला कसलंही दुःख नव्हतं. संस्थान राहिलं काय, गेलं काय, त्याला पत्ताही नव्हता. त्यांनीच त्याला स्वतःच्या बोटाने लंगडं केलं होतं आणि वर आठ वर्षं खांदा देऊन मिरवलं होतं. त्यांना इतकी लाज वाटली, की शिवाजीरावांना काही न सांगता ते तडक घरी गेले.

विजयाबाई भाकऱ्या थापत होत्या. त्यांनी सगळं ऐकून घेतलं, आणि नवऱ्याच्या चेहऱ्याकडे पाहून हसू गिळलं.

“अहो, मग काढा ना तो.”

“देवाचा शेंदूर खरवडू? छिन्नीने?”

“मारुतीच्या अंगावर शेंदूर फार चढला की त्याची खोळ निघतेच की नाही? तिचं आपण विसर्जन करतो. देव काय उघडा पडतो का त्याने? हलका होतो. चला, मी येते. जेवण नंतर होईल.”

त्या ताम्हण, कोमट तेल आणि लाल फडकं घेऊन आल्या. आधी दाराला हात जोडून चुकीची माफी मागितली. चूक कुणाची ते बोलल्या नाहीत, हा त्यांचा चांगुलपणा. मग तेलाने भिजवून, लाकडी पट्टीने, अगदी जपून तुकोजींनी थर सोडवायला घेतले. तीन तास लागले. खपल्या निघाल्या त्या आतून एकेका सालाच्या वेगळ्या लाल होत्या. विजयाबाईंनी त्या फडक्यात बांधल्या.

खीळ पुन्हा बसवून तुकोजींनी बटण दाबलं. दार उठलं. गुडघ्याशी आलं तेव्हा तुकोजींचा खांदा आपसूक पुढे गेला, पण तोवर दार पुढे निघून गेलं होतं. छातीशीही थांबलं नाही. छताला जाऊन टेकलं.

“झालं,” विजयाबाई म्हणाल्या. “आता नोकरीला काही होत नाही.”

तुकोजींची नजर कोनाड्याकडे गेली. दार असं चालू लागलं, तर माणूस कशाला ठेवतील, हा विचार त्यांच्या मनात नुकताच येऊन बसला होता. पूजेची वाटी कोनाड्यात होती, तिच्यात नवमीचा थोडा शेंदूर उरला होता. एक बोट. अगदी अर्धं. शनिवार निभेल आणि दिवाळीपर्यंत दाराला पुन्हा त्यांची गरज लागेल, इतकंच.

“काय बघताय?”

“काही नाही.” त्यांनी वाटी उचलून बायकोच्या हातात दिली. “हेही स्वर्णरेखा नदीत सोड.”

शनिवारी दहाला इंजिनियरसाहेब आले. हिंदी बोलणारे, तरुण, घाईत. त्यांनी स्वतः बटण दाबलं. दार वर गेलं, खाली आलं. त्यांनी तीनदा तसं केलं.

“बढ़िया. तो फिर ये आदमी करता क्या है?”

लक्ष्मीकांत पुढे झाले. “देखभाल, सर. आठ साल से दरवाज़ा इन्हीं की वजह से चल रहा है.”

तुकोजींनी नुसती मान हलवली असती तर भागलं असतं. पण आदल्या दिवशीची लाज अजून ताजी होती.

“साहब, आठ साल से मेरी ही वजह से अटक रहा था,” ते म्हणाले, आणि त्यांनी सगळं सांगितलं. फ्यूज, साखळी, खडूची रेघ, शेंदूर. लक्ष्मीकांत फरशीकडे बघत राहिले.

इंजिनियरांनी एवढंच विचारलं, “चेन की कील निकालकर देखना किसने सिखाया?”

“किसीने नहीं. बाकी सब हो चुका था.”

साहेबांनी वहीत काहीतरी लिहिलं आणि ते गेले.

आठ दिवसांनी लक्ष्मीकांत जवळजवळ धावतच आले. “तुकोजी, पोस्ट रद्द झाली. थांबा, पुढे ऐका. तुम्हाला भोपाळच्या वर्कशॉपमध्ये फिटर म्हणून घेतलंय. साहेबांनी लिहिलंय, हा माणूस खराबी शोधतो आणि स्वतःची निघाली तरी सांगतो. मीही चाललोय. आपण एकाच गाडीने जाऊ.”

तुकोजींनी कागद हातात घेतला. नोकरी राहिली होती. विजयाबाईंनी झाशीच्या पुढचं जग पाहिलं नव्हतं, ते आता दिसणार होतं. आनंदच व्हायला हवा होता, आणि थोडा झालाही.

“आणि दाराकडे कोण बघणार?”

“कोणीच नाही,” लक्ष्मीकांत कौतुकाने म्हणाले. “शिवाजीराव बटण दाबतील. त्याला आता कुणाची गरज नाही, तुकोजी. तुम्ही इतकं छान केलंत.”

शेवटच्या दिवशी तुकोजींनी हत्यारं पिशवीत भरली आणि ते बाहेर अंगणात येऊन उभे राहिले. शिवाजीरावांनी आतून विचारलं, “लगा दूँ?” तुकोजींनी हो म्हटलं. आज पहिल्यांदाच दुसऱ्याच्या हाताने ते दार बंद होताना ते बाहेरून पाहत होते. त्यांच्या डोळ्यांत पाणी आलं आणि ते त्यांनी पुसलं नाही. दार छातीपर्यंत आलं. एकदा, एकदाच अडावं असं त्यांना मनापासून वाटलं. मग ते गुडघ्यापर्यंत आलं. तिथेही अडलं नाही.