एक व्होल्ट आणि वर थोडं

मी प्रमाण सेल आहे, विजेची मापं पडताळण्याचा. शाळा मी शिकलो नाही. मला एकच आकडा येतो, आणि जन्मभर मी तोच सांगत आलो.

ग्लासगोच्या एका मीटर-कारखान्यात १९२१ साली मला भरलं. काचेच्या दोन उभ्या नळ्या, मधे एक आडवी. एका नळीच्या तळाशी पारा, दुसरीत पारा आणि कॅडमियमचा लगदा, वर कॅडमियमच्याच क्षाराचं पाणी. मग तोंडं वितळवून बंद. एवढंच माझं शरीर. पण मला वीस अंशांवर ठेवलं की मी १.०१८३० व्होल्ट दाखवणार. टोकियोत असाच भरलेला सेलही तेच दाखवणार. आमची कधी भेट नाही. याचं मला अजून नवल वाटतं.

माझ्या विजेवर दिवा लावायचा नसतो. लावलात तर मी बिघडेन. माझं काम साक्षीचं. समोर दुसरी वीज उभी करतात. दोघांचा जोर सारखा झाला की मापकातला प्रकाशाचा ठिपका पट्टीच्या शून्यावर थांबतो. माझ्यातलं काही घेत नाहीत, फक्त विचारतात.

माझ्याआधी तिथे जस्ताचा सेल होता. त्याच्या चिठ्ठीवरचा आकडा तीनदा खोडून नवा लिहिला होता. दर वेळी शहाण्यांनी व्होल्ट नव्याने ठरवला. सेल तोच, काचही तीच.

कारखान्यात आम्ही चार भाऊ, वीस अंशांवर राखलेल्या तेलाच्या टाकीत शेजारी शेजारी. दर दोन वर्षांनी एकाने दक्षिणेला मोठ्या प्रयोगशाळेत जाऊन आपला आकडा तपासून आणायचा. तो मान माझा. मला नेणारा माणूस चाचणी-खोलीचा मुकादम, ड्यूगल्ड रेनी. आगगाडीत मी सामानाच्या फळीवर कधी बसलो नाही. रेनीच्या मांडीवर, सरळ, दिवसभर; कलंडलो की माझा आकडा बिघडतो. तो चहा प्यायलाही उठत नसे. कुणी विचारलं, "काय हो, पेटीत बाळ आहे का?" तर म्हणे, "बाळ परवडलं. ते रडून सांगतं तरी."

१९४८च्या फेब्रुवारीत आम्ही परत येत होतो. कार्लाइल स्टेशनच्या अलीकडे रेनीचा डोळा लागला. गाडीने ब्रेक दाबला, पेटी कलंडली. त्याने झडप घालून सावरली. डब्यात आणखी कुणी नव्हतं.

प्रवासानंतर मला दहा दिवस निवांत ठेवायची रीत. अकराव्या दिवशी चाचणी-खोलीतल्या गेमेलबाई मोजायला बसल्या. आकडे घेण्यात त्यांचा हात धरणारं कुणी नव्हतं. प्रयोगशाळेचा दाखला सांगत होता १.०१८६५. मी दाखवत होतो १.०१८३०.

"पस्तीसने उतरलाय," बाई म्हणाल्या. "तेल वीस अंशांवरच आहे."

रेनी भिंतीला टेकला. मग ताठ झाला. "माझ्या हातून कलंडला, बाई. मी झोपलो होतो."

"तुम्ही? झोपलात?"

"झोपलो. मालकांना आत्ताच लिहून देतो. सेल काढून टाका, आणि मलाही."

उतरलेल्या सेलची काच फोडतात, पारा काढून घेतात. मला ते माहीत होतं. मला बोलता येत नव्हतं. मला फक्त आकडा येत होता, आणि तो मी सांगतच होतो.

रेनी लिहू लागला. बाई त्याच्याकडे पाहत नव्हत्या. त्यांनी मला एकेका भावाशी जोडून पाहिलं. तिन्ही वेळा ठिपका शून्यावर.

"रेनी, लेखणी ठेवा."

"पूर्ण करू द्या."

"ठेवा म्हणते ना! हे तिघं कुठल्या गाडीत बसले होते? कुठल्याच नाही. मग हा पडून नेमका त्यांच्याच पायरीवर कसा आला? पडणारं माणूस नेमकं खुर्चीत जाऊन बसतं का कधी?"

त्यांनी दाखला खिडकीशी नेला. खाली बारीक अक्षरांत होतं: आकडे नव्या निरपेक्ष व्होल्टमध्ये, १ जानेवारी १९४८पासून; जुना १ व्होल्ट म्हणजे नवे १.०००३४.

बाईंनी कागद ओढला. १.०१८६५ला १.०००३४ने भागलं. पुन्हा भागलं. उत्तर १.०१८३०.

"व्होल्ट लहान झालाय, रेनी. सगळ्या जगाचा, एकाच दिवशी. म्हणून आकडा वाढला. हा जागचा हललेला नाही."

माणसांनी समुद्रापारच्या माणसांशी पत्रं लिहून ठरवलं, आणि दिव्यांना पत्ताही लागू न देता पृथ्वीवरची सगळी वीज नव्या मापात गेली. फरक दहा हजारांत साडेतीन भागांचा. तेवढ्यासाठी ही माणसं इतकी खपतात! मी काचेचा आहे, तरी माझ्या अंगावर काटा आला.

"फाडा तो कागद," बाई म्हणाल्या.

"तुम्ही आकड्याचं कोडं सोडवलंत. झोप खरीच होती," रेनी म्हणाला. सही करून त्याने कागद मालकांकडे नेला. मालकांनी त्याला कामावर कायम ठेवलं. मला नेण्याचं काम त्याने स्वतःहून बाईंना दिलं.

आता मी एका तंत्रविद्यालयाच्या कपाटात आहे. चिठ्ठीवर दोन्ही आकडे आहेत, दोन्ही बाईंच्या अक्षरात. रेनी गेला, बाई गेल्या. मीही आता उतरलोय, खरोखरचा. कधी कुणी मला जोडून पाहिलंत, तर चिठ्ठी बघून लिहू नका. जेवढा भरेन तेवढाच लिहा.